मॉडेलर ते शिल्पकार : चित्ररथापासून ब्राँझच्या पुतळ्यापर्यंत

मृण्मय

शिल्पकला शिकून नुकतीच बाहेर पडलेली मुलं भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, पोटासाठी कमर्शियल कामं घेतली तर हात बिघडतो का?" कमर्शियल म्हणजे मॅनेक्विन, ट्रॉफ्या, चित्ररथ, सिनेमाचे सेट, प्रदर्शनातली मॉडेलं, हॉटेलच्या लॉबीतले फायबरचे हत्ती. मी स्वतः याच वाटेने आलो. बरीच वर्षं प्रदर्शनं आणि सेटसाठी मॉडेलिंग, म्हणजे मातीत आकार घडवायचं काम, केलं, मग एका ज्येष्ठ शिल्पकारांच्या हाताखाली मोठ्या पुतळ्यांवर काम केलं, आणि आता ब्राँझचीच कामं करतो. तेव्हा उत्तर जरा ऐसपैस लिहावं म्हणून हा धागा.

हात बिघडत नाही, हे माझं ठाम मत. पण कमर्शियल कामात हात तयार झाला म्हणजे मोठा पुतळा आपोआप जमेल, हेही खरं नाही. मधे एक दरी आहे आणि ती आकारमानाची आहे. त्याबद्दल कॉलेजात फारसं कुणी बोलत नाही.

आधी आपल्याकडची मोठी नावं बघा. राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, जन्म १९२५ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून मॉडेलिंगचं सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले आणि लगेच पुतळे करू लागले, असं झालं नाही. १९५४ ते १९५८ पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांची डागडुजी केली. त्यानंतर केंद्र सरकारच्या दृश्य प्रसिद्धी विभागात तांत्रिक सहायक म्हणून नोकरी. सरकारी प्रदर्शनांसाठी मॉडेलं घडवायची, तारखेला द्यायची. १९५९ मध्ये ती नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केलं. गांधीसागर धरणावरची ४५ फुटी चंबळ देवी त्यानंतरची. १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा २०१८ मध्ये उभा राहिला तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

ना. ग. पानसरे यांचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. मुंबईत फोर्टात न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत आहे. तिच्या दर्शनी भागावर कष्टकरी माणसांची जी उंचच उंच उठावशिल्पं आहेत, ती त्यांची. विमा कंपनीच्या इमारतीची सजावट, म्हणजे शुद्ध व्यावसायिक काम. आणि गेटवेसमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, २६ जानेवारी १९६१ ला अनावरण झालेला, तोही त्यांचाच. दोन्ही ठिकाणं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एका दुपारी दोन्ही बघून या. रस्त्यावरून मान वर करून बघणाऱ्या माणसाला काय दिसेल, किती बारकावा ठेवायचा आणि किती गाळायचा, याचा सराव त्या भिंतीवर झालाय हे डोळ्यांना कळतं.

विनायकराव करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. घरात गणपतीच्या मूर्ती घडत. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पोराचा हात ओळखला आणि जे. जे. ला जायची वाट करून दिली. पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात १९२८ मध्ये बसवलेला त्यांचा अश्वारूढ पुतळा आजही आपल्याकडच्या शिल्पकारांचा मापदंड आहे. मूर्तिशाळेतून आलेला माणूस आहे हा. कारखान्यात हात खराब होतो म्हणणाऱ्यांनी त्या घोड्याच्या मानेचे स्नायू एकदा नीट बघावेत.

आता कमर्शियल काम देतं काय? वेग देतं. चित्ररथाला तारीख असते आणि ती हलत नाही. दुसरं म्हणजे साच्याची अक्कल. पाचशे ट्रॉफ्या काढायच्या असतील तर माती लावतानाच डोक्यात चालू असतं की साचा कुठे उघडेल, आत वळलेला भाग, म्हणजे अंडरकट, कुठे अडकेल, जोड कुठे लपेल. पुढे ब्राँझला ही अक्कल रोज लागते. तिसरं, गिऱ्हाईक. समितीतले सात जण सात गोष्टी सांगतात तेव्हा मूळ कल्पना न मोडता काय बदलता येईल, हे ज्याने जाहिरात कंपन्यांची कामं केली आहेत त्याला बरोबर कळतं.

आणि काय देत नाही? एक तर चौफेर बघायची सवय देत नाही. सेटवरचा पुतळा कॅमेऱ्याला दिसतो तेवढाच खरा, मागे नुसती लाकडाची पट्टी चालते. चौकातल्या पुतळ्याला मागची बाजू नसते. रिक्षावाल्याला रोज जी बाजू दिसते ती त्याच्यासाठी पुढचीच. दुसरं, फायबरला शेवटी रंग बसतो. ओठ लाल, केस काळे, बुबुळ रंगवलेलं. ब्राँझला एकच रंग. सगळं सावलीने बोलायचं.

डोळ्याचंच घ्या. रंगवायच्या मूर्तीत डोळा गुळगुळीत गोल ठेवतात, रंगारी पुढचं बघतो. ब्राँझमध्ये तसा ठेवला तर पुतळा आंधळा दिसतो. म्हणून बुबुळाच्या जागी खळगा करायचा, खोल, कडा तीक्ष्ण, आणि त्या खळग्याच्या वरच्या अंगाला मातीचा एक दाणा ठेवायचा. खळग्यात काळोख साठतो, दाण्यावर उजेड पडतो, आणि खालून बघणाऱ्याला नजर दिसते. वरची पापणी खऱ्यापेक्षा पुढे काढायची म्हणजे तिची सावली डोळ्यावर पडेल. हे सगळं हाताच्या अंतरावरून बघितलं तर भयानक दिसतं. शिडीवरून उतरून तीस फूट मागे जाऊन बघायचं, परत चढायचं. मोठ्या कामातला निम्मा वेळ या चढउतारात जातो आणि तो वाया गेलेला नसतो.

आणि आकारमान. उंची दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि घनफळ आठपट. सहा फुटी माणूस भरीव मातीत केला तर साधारण सव्वाशे ते दीडशे किलो माती लागेल. बारा फुटी केला तर टनाच्या वर. म्हणून आतला सांगाडा हे मोठ्या पुतळ्याचं पहिलं शिल्प. लोखंडी नळ्या, त्यावर लाकूड किंवा थर्मोकोल भरून देह जवळपास आणायचा, जाळी ताणायची आणि वर माती फक्त काही इंच. मातीला धरायला तारेला बांधलेल्या लाकडाच्या चौफुल्या लटकवायच्या. सांगाड्यात खांदा चार इंच चुकला तर वरून कितीही माती लावा, तो पुतळा खांदा पाडूनच उभा राहतो.

छोट्या मॉडेलमध्ये जे छान दिसतं ते मोठं केल्यावर छान दिसेलच असं नाही. दोन फुटी मॉडेलमधली धोतराची चुणी म्हणजे अंगठ्याचा एक फटकारा असतो. ती सहापट केली की भिंतीवरच्या पोपड्यासारखी दिसते. मोठ्या कामात ती चुणी परत सुचावी लागते. मॉडेलर आणि शिल्पकार यांच्यातला फरक मला इथे दिसतो.

ज्यांनी ओतशाळेत, म्हणजे धातू ओततात तिथे, काम केलंय त्यांनी पुढचं लिहावं.

---

ओंजळ

फार सुंदर लिहिलंय मृण्मय. न्यू इंडियाच्या इमारतीखालून कितीतरी वर्षं ऑफिसला गेले आहे, वर बघितलं तरी हे नाव माहीत नव्हतं.

एक शंका. हल्ली छोटं मॉडेल स्कॅन करून मशीनवर थर्मोकोलमध्ये हव्या त्या उंचीचं कापून मिळतं ना? मग सांगाडा, चुणी वगैरे सगळं मशीनच करणार नाही का?

---

मृण्मय

ओंजळताई, मिळतं, आणि मीही वापरतो. सांगाड्याचे कष्ट खूप वाचतात. सरदार पटेलांच्या पुतळ्यातही तेच झालं : आधी ३ फुटी, मग १८ आणि ३० फुटी प्रतिकृती केल्या, ३० फुटी मंजूर झाल्यावर तिचं स्कॅनिंग करून त्यावरून बाहेरचं ब्राँझचं आवरण चीनमध्ये ओतलं.

पण बघा, तिथेही थेट ३ फुटीवरून उडी मारली नाही. मधल्या पायऱ्या हाताने केल्या. कारण मशीन छोट्या मॉडेलमधलं जे आहे तेच मोठं करतं, दोषासकट. थर्मोकोल आलं की मी त्यावर मातीचा थर देतो आणि चेहरा, हात, वस्त्रांच्या कडा नव्याने करतो. मशीनला पुतळा किती उंच चौथऱ्यावर जाणार आहे हे माहीत नसतं. खालून बघताना डोकं लहान आणि कपाळ मागे गेलेलं दिसतं, हनुवटी मोठी दिसते. त्यासाठी मान किंचित पुढे, डोकं किंचित मोठं. किती, ते जागेवर जाऊन, चौथऱ्याची उंची आणि लोक कुठून बघणार ते अंतर पाहून ठरवायचं.

---

ओतशाळा

मृण्मयदादांनी हाक मारली म्हणून लिहितोय. वडिलांपासून आमचं ओतकाम. शिल्पकार माती संपली की "झालं" म्हणतात, आमचं तिथून सुरू होतं.

मातीवरून आधी साचा घेतात. पूर्वी प्लास्टरचा तुकड्यांचा असायचा, आता आत रबर आणि बाहेर फायबरचं कवच. त्यातून बहुतेक वेळा फायबरची एक प्रत काढून ठेवतात, कारण माती साच्यातून काढताना मोडते. मग पुतळ्याचे भाग पाडायचे. बारा फुटी उभा पुतळा एका वेळी ओतणं अशक्य नाही, पण बहुतेक जण भागांत ओततात. भाग कुठे पाडायचा हे शिल्पकाराबरोबर बसून ठरवतो. पट्ट्याची कड, शेल्याची कड, बाहीची शिवण अशा ठिकाणी जोड गेला तर नंतर शोधूनही सापडत नाही. गालावरून किंवा मोकळ्या दंडावरून गेला तर कितीही घासा, ऊन तिरकं पडलं की दिसतो. जे कमर्शियल मॉडेलिंगमधून आलेत ते हे आधीच विचारतात, म्हणून आम्हाला त्यांच्याबरोबर काम करायला आवडतं.

मग साच्यात मेण. ब्रशने पहिला हात, नंतर ओतून किंवा दाबून जाडी आणायची. जेवढी मेणाची जाडी तेवढीच ब्राँझची, मोठ्या कामाला साधारण ६ ते १० मिलिमीटर. हे मेण शिल्पकाराने येऊन बघायलाच हवं. बुडबुडे, साच्याच्या रेषा, बसलेली कड, सगळं मेणात पाच मिनिटांत सुधारतं. तेच धातूत सुधारायला दिवस जातो. बरेच जण येत नाहीत आणि मग फिनिशिंगच्या वेळी चेहऱ्यावरून वाद होतात.

मेणाला रनर आणि रायझर नावाच्या वाटा लावायच्या, वितळलेल्या धातूचा रस आत जायला आणि हवा बाहेर पडायला. आत आणि बाहेर विटांची भुकटी आणि प्लास्टरचं मिश्रण भरायचं, आतला गाभा हलू नये म्हणून मेणातून आरपार खिळे मारायचे. भट्टीत तापवलं की मेण वितळून जातं, ओल निघून जाते. ओल राहिली तर वाफ होऊन रस उसळतो. साचा पूर्ण सुकलाय की नाही, यावर आम्ही कुणाचंही, अगदी मंत्र्यांची अनावरणाची तारीख असली तरी, ऐकत नाही.

धातू बहुधा गनमेटल : तांबं ८५, कथील ५, शिसं ५, जस्त ५. साधारण १,१०० ते १,२०० अंशांना ओततो. थंड होताना दीड टक्का आकसतो. ऐकायला कमी वाटतं, पण बारा फुटांवर ते दोन इंच होतं. करारात उंची फुटाइंचांत लिहिलेली असेल तर माती तेवढी मोठी करावी लागते. शिवाय मेणही आकसतं.

वजनाचा हिशेब लोक नेहमी विचारतात. माणसाच्या अंगाचा पृष्ठभाग पावणेदोन ते दोन चौरस मीटर. १.८ धरला आणि ६ मिलिमीटर जाडी घेतली, तर सहा फुटी पुतळ्याला साधारण ९५ किलो धातू. हा उघड्या देहाचा हिशेब. कपड्यांच्या घड्या आल्या की पृष्ठभाग वाढतो, जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात बराच जास्त भरतो. बारा फुटीला चौपट, आणि जाडीही वाढवावी लागते म्हणून चौपटीच्याही वर.

भाग निघाले की आर्गन वेल्डिंगने जोडायचे आणि मग चेसिंग, म्हणजे छिन्नी-कानशीने जोडावर मूळ पोत परत आणायचा. मातीवर शिल्पकाराच्या बोटांचे ठसे असतील तर ते ठसे छिन्नीने धातूत उठवायचे. आमच्याकडे हे करणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. याची मला खरी काळजी वाटते.

---

ओंजळ

बोटांचे ठसे छिन्नीने उठवायचे... हे वाचून थांबले. किती अदृश्य काम आहे हे.

---

कोकणवारा

उत्तम धागा. लहानपणापासून ऐकलंय की घोड्याचा एक पाय वर असेल तर स्वार लढाईत जखमी, दोन वर असतील तर रणात मृत्यू, चारही खाली असतील तर नैसर्गिक. हा नियम शिल्पकार पाळतात का?

---

सांजवेळ

कोकणवारा, असा कुठलाही नियम नाही. युरोपातही सर्रास सांगतात आणि तिथल्या पुतळ्यांशीही जुळत नाही. शिवाजी महाराजांचे आपल्याकडचे पुतळेच घ्या, पाय वेगवेगळे आहेत, निधन तर रायगडावर झालं.

पाय हा तोलाचा प्रश्न आहे. स्वारासह घोडा दोन मागच्या पायांवर उभा करणं शिल्पकारांना फार काळ जमलं नव्हतं. इटालियन शिल्पकार पिएत्रो ताक्काने माद्रिदचा, स्पेनच्या राजा चौथ्या फिलिपचा, पुतळा १६४० मध्ये पुरा केला, तो दोन पाय आणि शेपूट यांवर उभा आहे. मागचा भाग भरीव आणि पुढचा पोकळ, पातळ. तोलाबाबत गॅलिलिओचा सल्ला घेतला होता असं सांगतात.

---

मृण्मय

सांजवेळ, अगदी नेमकं. पाय वर घेतला की उरलेल्या पायांत केवढी स्टीलची नळी जाऊ शकते हा पहिला प्रश्न. घोड्याचा घोटा बारीक असतो आणि सगळा भार तिथूनच जमिनीत जातो.

करमरकरांच्या पुण्याच्या पुतळ्याचं ओतकाम मुंबईत माझगाव डॉकमध्ये झालं आणि तो रेल्वेने घाट चढून पुण्याला आणला. त्या काळात, त्या साधनांनी. ओतशाळावाल्यांनी वर जे लिहिलंय ते वाचून मग या वाक्याचा विचार करा.

---

स्थापत्य

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, काही पुतळ्यांच्या आतल्या सांगाड्याचं डिझाइन केलं आहे. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण होऊन २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्यानंतर लोक पहिल्यांदाच पुतळ्याच्या आत काय असतं ते विचारायला लागले. तिथे आता राम सुतारांनी घडवलेला नवा पुतळा २०२५ पासून उभा आहे.

मोठा पुतळा म्हणजे ब्राँझचं कवच आणि आत स्टीलचा सांगाडा. कवच स्वतःचं वजन काही प्रमाणात पेलतं, पण वारा सांगाड्यानेच पेलायचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट. फडफडणारा शेला, वर उचललेली तलवार, हे शिडासारखं वारा धरतं. आणि पुतळा माणसासारखा असल्यामुळे सगळ्यात बारीक जागा कुठे? घोट्याशी. जिथे सर्वांत जास्त ताकद हवी तिथेच.

सरदार पटेलांच्या पुतळ्यात हाच पेच होता. धोतर आणि चपला, त्यात चालण्याचा आविर्भाव, दोन पावलांत ६.४ मीटरचं अंतर. उंच इमारत खाली रुंद असते, हा खाली निमुळता. ताशी १८० किलोमीटरचा वारा धरून त्याचं डिझाइन झालंय. शिल्पकाराने पवित्रा ठरवला, त्याची किंमत इंजिनिअरने मोजली. मला हे योग्यच वाटतं, फक्त ते दोघे पहिल्या दिवसापासून एका टेबलावर हवेत. माती पूर्ण झाल्यावर आम्हाला बोलावलं की आमच्याकडे घोट्यात नळी कोंबण्याखेरीज काही उरत नाही.

दुसरी गोष्ट गंज. ब्राँझ आणि साधं लोखंड एकमेकांना चिकटून ओल्या, खाऱ्या हवेत राहिले की लोखंड झपाट्याने गंजतं. गंजलेलं लोखंड फुगतं आणि कवचाला आतून ढकलतं. समुद्राजवळ तर आत स्टेनलेस स्टीलच हवं, तेही खाऱ्या हवेला टिकणारं, आणि दोन धातूंमध्ये विद्युतरोधक थर. आत साचणारं पाणी बाहेर जायला सर्वांत खालच्या जागी भोकं हवीत. पुतळा बाहेरून कितीही देखणा असो, दर काही वर्षांनी आत माणूस उतरून सांगाडा बघू शकेल असं दार ठेवा. चौथऱ्याला दार असलं की काही लोकांना ते खटकतं. खटकू द्या.

---

मृण्मय

स्थापत्य, हा प्रतिसाद वेगळा काढून प्रत्येक पुतळा समितीला द्यावा असा आहे. आपल्या राज्यात मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मंजुरी लागते. त्यात चेहरा, पोशाख, साधर्म्य बघतात, आणि ते बघायलाच हवं. पण सहा फुटी माती मंजूर झाली म्हणजे पस्तीस फुटी पुतळा मंजूर झाला असं कुणी धरू नये. वर लिहिलं तसं, ते वेगळं शिल्प आहे.

---

रेवा

सगळे प्रतिसाद आवडले, पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. मीही याच क्षेत्रात आहे आणि हात बिघडलेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

कमर्शियल कामात एक "गोड चेहरा" हाताला बसतो. सरळ नाक, भरलेले ओठ, कपाळावर आठी नाही. गिऱ्हाइकाला तोच हवा असतो आणि पटकन जमतो. मग वीस वर्षांनी त्याच हाताला एखाद्या समाजसुधारकाचा पुतळा मिळतो, ज्यांनी आयुष्यभर उपास, तुरुंगवास, आजार भोगला, आणि चेहरा येतो मॅनेक्विनचा. चौकाचौकांत बघा ना. मिशी आणि पागोटं काढलं तर कितीतरी पुतळे एकमेकांचे भाऊ दिसतील.

फ्रेंच शिल्पकार रोदँचं उदाहरण नेहमी देतात म्हणून तेही बघू. पॅरिसच्या कलाशाळेने तीनदा नाकारलं, मग १८६४ पासून कारिए-बेल्यूझ या शिल्पकाराच्या कारखान्यात सजावटीची मॉडेलं. काम त्याचं, सही मालकाची. पुढे ब्रसेल्समध्येही इमारतींची सजावट. पण मोठं शिल्प त्या कामातून थेट उगवलं नाही. १८७५ च्या सुमाराला तो इटलीला गेला, मायकेलएंजेलो बघितला, आणि एका बेल्जियन सैनिकाला समोर उभं करून मन लावून एकच आकृती घडवली. तेच 'कांस्ययुग'. १८७७ मध्ये दाखवलं तेव्हा लोक म्हणाले, जिवंत माणसावरून साचा घेतलाय. म्हणजे त्याला कारखान्याची सवय मोडून समोरच्या खऱ्या देहाकडे परत जावं लागलं. माझा मुद्दा तोच आहे.

---

मृण्मय

रेवाताई, 'गोड चेहऱ्या'बद्दल शंभर टक्के सहमत. तो रोग आहे आणि पसरलेला आहे. पण तो कमर्शियल कामाने होतो की समोर माणूस न बसवता काम केल्याने, यावर आपलं दुमत आहे. कला महाविद्यालयातून थेट पुतळ्यांकडे गेलेल्यांच्या हातालाही तो लागलेला मी बघतो, कारण तेही एका फोटोवरून घडवतात.

रोदँचं पुढचं पाऊल मला फार शिकवून जातं. साच्याचा आरोप झाला तेव्हा त्याने पुढची आकृती, उपदेश करणारा संत जॉन, मुद्दाम माणसापेक्षा मोठी केली, म्हणजे अंगावरून साचा घेतला असं म्हणायची सोयच उरली नाही. समोर बसलेला माणूस, तरीही माप वेगळं. तिथे प्रत्येक प्रतल, म्हणजे पृष्ठभागाचा प्रत्येक तुकडा, त्याला नव्याने ठरवावं लागलं. आणि ते ठरवायला लागणारा हाताचा वेग कारखान्यातल्या वर्षांनी दिला, असं मी म्हणेन.

---

रेवा

हे पटलं. फोटोवरून घडवण्याबद्दल तर वेगळा धागा काढायला हवा. ज्यांचा एकच समोरून काढलेला फोटो उपलब्ध आहे, अशा व्यक्तीच्या कानामागचा भाग, मानेची ठेवण, पाठ कुठून आणायची? मी अशा वेळी त्यांच्या कुटुंबातली, त्याच वयाची माणसं शोधून त्यांना बसवते. कवटीची ठेवण बऱ्याचदा घरात उतरते. गोडव्यातून सुटायला त्याची फार मदत होते.

---

मृण्मय

काढाच तुम्ही धागा. मी येतो.

---

मातीतलाच

नमस्कार. मी शेवटच्या वर्षाला आहे. सध्या एका सेट बनवणाऱ्यांकडे संध्याकाळी काम करतो, थर्मोकोल आणि फायबर. मोठ्या कामाची सवय व्हावी म्हणून आत्तापासून काय करू? कॉलेजात तीन फुटांपेक्षा मोठं काम करायला जागाच नाही.

---

मृण्मय

अख्खी आकृती नको. एक पाऊल घे. स्वतःचं किंवा मित्राचं पाऊल समोर ठेवून मातीत आधी मापाला माप कर. मग तेच तिप्पट. कुठलंही मशीन नको, नुसता कंपास आणि डोळा. तिप्पट झाल्यावर घोट्याची हाडं मूर्खासारखी उठून दिसायला लागतील आणि बोटं लाडवासारखी. ती का तशी दिसतात ते शोध. मग ते पाऊल टेबलावरून उचलून कपाटावर ठेव, जमिनीवर बसून बघ आणि पुन्हा दुरुस्त कर. कान आणि मूठ अशीच कर. तिप्पट कान टेबलावर मावतो.

सेटवरचं काम सोडू नकोस. फक्त तिथे मागची बाजू करायची नसली तरी आपल्यापुरती करून बघ, मालकाचा वेळ न घेता.

आणि मेण आणि धातू बघून ये. चित्रफितीत बघून उपयोग नाही.

---

मातीतलाच

खूप आभार सर. ओतशाळा, तुमच्याकडे बघायला येऊ शकतो का? आमच्या वर्गातले आणखी काही जण तयार आहेत.

---

ओतशाळा

जरूर या. निरोपातून पत्ता पाठवतो. पावसाळ्यात मोठं ओतकाम आम्ही टाळतो, साचे वाळत नाहीत, त्यामुळे दिवाळीनंतर जमवा. येताना सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद चामड्याचे बूट घाला. नायलॉन किंवा टेरिकॉट अजिबात नको, ठिणगी पडली की अंगाला चिकटतं. वितळलेल्या धातूची मूस उचलली की दोरीच्या पलीकडे उभं राहायचं आणि कुणीही मधे बोलायचं नाही, कारण भट्टीवरचे चौघं एकमेकांच्या आवाजावर चालतात. ओतून झालं की साचा फोडताना हातोडा तुमच्या हातात देईन.